तीन खुंटांचा शब्द

रसिक : स्पॅनिश शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्या काही पाठांतच एक शब्द भेटतो, त्राबाखो. अर्थ अगदी रोजचा : काम, नोकरी, पोटापाण्याचा उद्योग. त्यावरून त्राबाखार म्हणजे काम करणे आणि त्राबाखादोर म्हणजे कामगार. दिसायला निरुपद्रवी. पण त्याचा माग काढत गेले की वाट लॅटिनमधल्या त्रिपालियमपाशी पोचते. 'त्रि' म्हणजे तीन, 'पालुस' म्हणजे जमिनीत रोवलेला खुंट. तीन खुंटांचा सांगाडा उभारायचा, आरोपीला त्याला जखडायचे आणि त्याचे हाल करायचे. १७१३ साली स्थापन झालेल्या रॉयल स्पॅनिश अकादमीच्या कोशातही त्राबाखारचा उगम हाच दिला आहे. फ्रेंच त्राव्हाय, पोर्तुगीज त्राबाल्यो, कातालान त्रेबाल ही सगळी याचीच भावंडे. इंग्रजीत दोघे गेले : ट्रॅव्हेल म्हणजे हालअपेष्टा आणि ट्रॅव्हल म्हणजे प्रवास. देवनागरीत दोघांत एका मात्रेचे अंतर. पालुसचा गोतावळा आणखी वेगळा. स्पॅनिश पालो म्हणजे काठी, इंग्रजी पोल म्हणजे खांब, पॅलिसेड म्हणजे खुंटांचे कुंपण आणि इम्पेल म्हणजे सुळावर देणे. आता मला सांगा, ज्या समाजाने कामाला छळाच्या साधनाचे नाव दिले, त्याला कामाबद्दल काय वाटत होते हे सांगायला आणखी साक्षीदार हवा का?

चिकित्सक : हवा. एक नव्हे, दोन-तीन हवेत. कारण तुम्ही एका दमात तीन विधाने केलीत आणि तिन्हींचे वजन सारखेच असल्यासारखी केलीत. पहिले, त्रिपालियम नावाचे छळाचे साधन होते. दुसरे, त्राबाखो हा शब्द त्याच्यापासून आला. तिसरे, म्हणून हा शब्द वापरणाऱ्यांना काम म्हणजे छळ वाटत होता. पहिल्याला कागद आहे. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या फ्रान्समधल्या ओसेर या गावी धर्मगुरूंची परिषद भरली. तिने केलेल्या नियमांत एक असा आहे की आरोपींचा जिथे छळ होतो त्या त्रेपालियमपाशी पाद्र्याने उभे राहू नये. एवढेच. तो सांगाडा कसा होता, त्याला किती लाकडे होती, याचे तिथे वर्णन नाही. तीन खुंट आपण नावावरून उभे केले आहेत. एरवी लॅटिन लेखनात हा शब्द फार विरळा. आणि तुमच्या साखळीची मधली कडी, 'हाल करणे' या अर्थाचे त्रिपालियारे हे क्रियापद, कुठल्याही जुन्या कागदावर नाही. भाषाशास्त्रज्ञ असा शब्द छापताना त्याच्या डोक्यावर एक तारा लावतात. त्या ताऱ्याचा अर्थ, हे रूप आम्ही तर्काने बसवले आहे. अकादमीच्या कोशातही तो तारा आहे. तुम्ही उगम वाचलात आणि तारा गाळलात.

रसिक : तारा गाळला, मान्य. पण तारांकित रूप म्हणजे थाप नव्हे. त्यामागे नियम असतात, आणि इथे ते चोख बसतात. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या लॅटिन 'प'चा स्पॅनिशमध्ये 'ब' होतो. लुपुसचा लोबो झाला, म्हणजे लांडगा. सापेरेचे साबेर झाले, म्हणजे जाणणे. फ्रेंचने त्याच 'प'ला आणखी मऊ करून 'व्ह' केले. रिपाचे रीव्ह झाले, म्हणजे काठ. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपणही दीपचा दिवा केला आणि कपाटचे कवाड केले. आता दुसरा नियम. 'ल'नंतर 'इ' आणि पुढे आणखी स्वर आला की स्पॅनिशमध्ये त्या जोडीचा घशातला 'ख' होतो. फिलियुसचा इखो झाला, म्हणजे मुलगा. फोलियाची ओखा झाली, म्हणजे झाडाचे पान. आता त्रेपालियमला या दोन नियमांतून जाऊ द्या. 'प'चा 'ब', 'लिय'चा 'ख', आणि हातात येते त्रेबाखो. पहिल्या 'ए'चा पुढच्या 'आ'च्या शेजाराने 'आ' झाला की त्राबाखो. फ्रेंच नियम लावा, त्राव्हाय येतो. दोन भाषा, दोन वेगळे नियमसंच, आणि दोन्हींचे बोट एकाच शब्दाकडे. कागद नसेल, पण ही साक्ष कागदापेक्षा कमी नाही.

चिकित्सक : ध्वनिनियमांवर माझा तुमच्याहून जास्त विश्वास आहे. नुसत्या दिसण्यावर गेले की काय होते ते स्पॅनिशमध्येच पाहा. मूचो म्हणजे पुष्कळ, आणि इंग्रजी मच म्हणजेही पुष्कळ. जुळे वाटतात, पण नात्याने कुणीच नाहीत. मूचो आला लॅटिन मुल्तुसपासून. मचचे मूळ जुन्या जर्मानिक शब्दात, आणि त्याची दूरची ओळख निघते ती आपल्या 'महा'शी. तेव्हा नियमच हवेत. पण नियम वकिलासारखे नसतात, ते दोन्ही पक्षांना सारखेच लागू होतात. लॅटिनमध्ये आणखी एक शब्द होता, त्राब्स म्हणजे तुळई, आडवे लाकूड. स्पॅनिशमध्ये त्याची त्राबा झाली, म्हणजे जनावराच्या पायातला खोडा, अडसर. काही अभ्यासकांनी या त्राब्सवरून त्राबाकुलुम असे रूप कल्पिले. आता 'कुल'चे स्पॅनिशमध्ये काय होते? ओकुलुसचा ओखो झाला, म्हणजे डोळा. स्पेकुलुमचा एस्पेखो झाला, म्हणजे आरसा. तोच घशातला 'ख'. म्हणजे त्राबाकुलुमचाही त्राबाखोच होणार. फ्रेंचमध्ये दोन स्वरांमधल्या 'ब'चा 'व्ह' होतो, काबालुसचा शव्हाल म्हणजे घोडा झाला तसा; तेव्हा तिथेही त्राव्हायच येणार. तुमचे दोन साक्षीदार माझ्या अशिलाचीही ओळख तेवढ्याच खात्रीने पटवतात. यात माझा अशीलही तारांकित आहे, हे मी लपवत नाही. पण म्हणूनच निकाल एकतर्फी लागत नाही.

रसिक : एक साक्षीदार तुम्ही बोलावला नाहीत. कातालान त्रेबाल आणि दक्षिण फ्रान्समधल्या ऑक्सितानचा शब्द, या दोघांनी पहिला 'ए' जपून ठेवला आहे. तुमच्या त्राब्समध्ये 'आ' आहे. 'आ'चा 'ए' कुठून आला ते तुम्हाला वेगळे सांगावे लागेल. माझ्या बाजूने ओसेरच्या कागदावर 'त्रे' आधीच लिहिलेले आहे. दुसरे असे, की फ्रेंचमध्ये त्राव्हाय या शब्दाचा आणखी एक अर्थ आजही कोशात मिळतो. नाल ठोकताना घोडा किंवा बैल हलू नये म्हणून त्याला ज्या लाकडी चौकटीत बांधून उभा करतात तिचे नाव त्राव्हाय. म्हणजे जखडून ठेवणारा लाकडी सांगाडा हा अर्थ हवेत विरलेला नाही, लोहाराच्या दुकानासमोर शतकानुशतके उभा होता. एका बाजूला माणसाला जखडणारा, दुसऱ्या बाजूला जनावराला जखडणारा. बहुतेक मोठे कोश त्रिपालियमच्या बाजूने उभे राहतात ते उगाच नाही.

चिकित्सक : नालबंदाची चौकट पाहिलीत तर तिला खांब असतात तशाच तुळयाही असतात, तेव्हा ती माझ्या बाजूलाही कलते. पण 'ए'चा मुद्दा खरा आहे, तो मी खोडू शकत नाही. चला, दुसरे विधान 'संभाव्य' म्हणून सोडून देऊ. खरे तर माझे भांडण तिसऱ्याशी आहे. समजा, उद्या एखाद्या मठाच्या दप्तरात त्रिपालियारे हे क्रियापद शाईने लिहिलेले सापडले. तरी साखळी काय होते? आधी छळणे, मग त्रास सोसणे, मग कष्ट करणे, मग काम करणे. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला फक्त खालची एक पायरी ठाऊक असते. कष्ट या अर्थी शब्द वापरणाऱ्याला त्रास हा अर्थ माहीत असेल. खुंट त्याने पाहिलेलेही नसतील. ओसेरची परिषद आणि अकराव्या शतकाअखेरीचे जुने फ्रेंच यांच्यात जवळजवळ पाचशे वर्षे आहेत. आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. निरुक्त या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात यास्काने गार्ग्य या आचार्याचा आक्षेप नोंदवला आहे : अश् म्हणजे व्यापणे, यावरून अश्व झाला म्हणाल, तर जो जो वाट व्यापेल त्याला अश्व म्हणावे लागेल. यास्काने त्याला उत्तरही दिले, की एकच क्रिया करणाऱ्या पुष्कळांपैकी काहींनाच ते नाव मिळते. उत्तर बरोबर आहे. पण त्यातूनच दिसते की नाव पडणे हा रूढीचा भाग आहे, तत्त्वज्ञानाचा नाही. उगमावरून वस्तूचे सार सांगणे हा मोह गार्ग्यानेच ओळखला होता.

रसिक : मग खुंट बाजूला ठेवतो. उगमच विसरा. ज्या काळाचे लेखन आपल्या हातात आहे तेवढेच पाहू. 'दोन किखोते' लिहिणाऱ्या सेर्वान्तेसची शेवटची कादंबरी १६१७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिच्या नावात त्राबाखोस हा शब्द आहे : पेर्सिलेस आणि सिखिस्मुंदा यांचे त्राबाखोस. ते दोघे नोकरी करत नाहीत. समुद्रात भरकटतात, कैदेत पडतात, ताटातूट सोसतात. त्राबाखोस म्हणजे इथे हालअपेष्टा. हर्क्युलिसच्या बारा पराक्रमांनाही स्पॅनिशमध्ये त्राबाखोसच म्हणतात. ही जुनी पोथी झाली असे म्हणाल, तर आजचे बोलणे घ्या. एखादी गोष्ट जड जाते हे सांगताना स्पॅनिश माणूस म्हणतो की तिला मला त्राबाखो पडतो. बायका बाळंत होतात तेव्हा त्या अवस्थेचे नाव त्राबाखो दे पार्तो, म्हणजे प्रसूतीचा त्राबाखो. इटालियनमध्ये त्राव्हाल्यो म्हणजे प्रसूतीच्या कळा, आणि फ्रेंच इस्पितळात बाळंतिणीच्या खोलीला त्राव्हायची खोली म्हणतात. अकादमीच्या आजच्या कोशात त्राबाखोस या अनेकवचनाचा एक अर्थ गरिबी आणि हलाखी असाही आहे. हे कुणी तारा लावून बसवलेले नाही. काम आणि क्लेश एकाच शब्दात एका वेळी नांदत आहेत, आणि बोलणाऱ्यांना ते ठाऊक आहे.

चिकित्सक : आता तुम्ही भक्कम जमिनीवर आलात. कष्ट हा अर्थ जिवंत होता आणि आहे, हे निर्विवाद. पण या जमिनीवर त्रिपालियमची गरजच उरत नाही, हेही पाहा. शिवाय क्लेशापासून कामाकडे जाणे हे त्या शब्दाच्या नशिबातच लिहिले होते असे म्हणाल, तर इंग्रजीने ते खोटे ठरवले आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि त्यांच्या फ्रेंचबरोबर हा शब्द तिकडे गेला. तिथे काम या अर्थी वर्क हा शब्द आधीपासून ठाण मांडून होता, आणि तो हलला नाही. तेव्हा पाहुण्याला जी जागा रिकामी होती ती मिळाली. ट्रॅव्हेलकडे हाल आणि प्रसूतिवेदना आल्या. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो बाळंतपणासाठी वारंवार येतो. ट्रॅव्हलकडे प्रवास आला. स्पॅनिशमध्ये मात्र प्रवासाची जागा व्हियाखेने धरली होती. तो लॅटिन व्हियातिकुमचा, म्हणजे वाटखर्चीचा, वंशज, आणि इंग्रजी व्हॉयेज त्याचा भाऊ. म्हणजे एकाच शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ झाले ते कामाकडे पाहण्याच्या दृष्टीमुळे नव्हे. कुठल्या खुर्चीवर आधीच कोण बसले होते, त्यामुळे.

रसिक : रिकाम्या जागेचा नियम मला पटतो, पण तो अर्धाच आहे. जागा रिकामी होती म्हणून कुणीही आत शिरत नाही. प्रवासाच्या जागी हालाचा शब्द शिरू शकला, कारण त्या काळात घराबाहेर पडणे हेच हाल होते. ट्रॅव्हेल आणि ट्रॅव्हल ही एकाच शब्दाची दोन रूपे बराच काळ एकमेकांच्या जागी लिहिली जात होती. शेक्सपिअरची सुनीते १६०९ मध्ये छापली गेली, तेव्हा सत्ताविसाव्या सुनीतात जिथे आजच्या आवृत्त्या प्रवासाचा शब्द छापतात, तिथे कष्टाच्या शब्दाचे स्पेलिंग होते. दमलेला माणूस चालून दमला की राबून, हा प्रश्नच तेव्हाच्या वाचकाला पडत नसावा. आणि हा शब्द इंग्रजीतही थांबला नाही. आपल्याकडे खासगी बसला आपण ट्रॅव्हल्स म्हणतो; पुण्याहून नागपूरला माणूस 'ट्रॅव्हल्सने' जातो. मागच्या सीटवर रात्र काढलेल्याला त्याचा मूळ अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. आता थट्टा सोडून बोलतो. क्लेशाचा शब्द कामाचा होणे हे एकट्या स्पॅनिशचे वैशिष्ट्य नाही. मध्ययुगीन जर्मनमध्ये आर्बाइटचा अर्थ हालअपेष्टा होता, आज तो काम आहे. रुमानियन मुन्का म्हणजे काम. तो शब्द यातना या अर्थाच्या स्लाव्ह शब्दापासून आला. रशियन राबोताच्या मुळाशी गुलाम आहे. आजच्या ग्रीकमधला दुल्या म्हणजे काम हा गुलामगिरीच्या जुन्या शब्दाचाच वंशज. चेक भाषेत रोबोता म्हणजे कुळांनी जमीनदाराकडे करायची सक्तीची चाकरी. १९२० साली कारेल चापेकने आपल्या नाटकात त्यावरून रोबो हा शब्द जगाला दिला. विचारवंत हॅना आरेंटने १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन'मध्ये युरोपीय भाषांतल्या श्रमवाचक शब्दांत वेदना कशी भरलेली आहे हे दाखवले. इतक्या भाषा एकाच वाटेने गेल्या, तो योगायोग म्हणायचा?

चिकित्सक : योगायोग म्हणत नाही, पण तुम्ही लागलेले नेम मोजता आणि चुकलेले सोडून देता. इंग्रजी वर्क आणि ग्रीक एर्गोन एकाच मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थ नुसता करणे. स्पॅनिश ओब्रा आला लॅटिन ओपुसपासून. त्याचा संस्कृत भाऊ अपस्, अर्थ काम, कृती. आपला काम हा शब्द कर्मापासून आला, त्यात कृ धातू, त्यात वेदनेचा लवलेश नाही. आरेंटचा दाखला तुम्ही दिलात, पण तिचा मुद्दा असा होता की युरोपीय भाषांनी दोन शब्द वेगळे ठेवले : एक देहाच्या श्रमाचा, दुसरा हातून घडणाऱ्या वस्तूचा. वेदना आहे ती पहिल्यात. म्हणजे भाषा दोन्ही गोष्टी जाणत होत्या. मग 'समाजाला काम छळ वाटत होते' हे वाक्य कुठल्या समाजाबद्दल आहे? रानात राबणाऱ्याबद्दल की त्याच्याकडे पाहणाऱ्याबद्दल? फ्रेंचचा इतिहास तर याहून रुक्ष आहे. तिथे काम करणे याला ओपेरारीपासून आलेले ऊव्हरे हे साधे क्रियापद होते. पण उच्चारात ते 'उघडणे' या क्रियापदाशी इतके मिसळू लागले की लोक गोंधळत. अभ्यासकांनी दिलेले एक कारण असे, की या गोंधळामुळेच ऊव्हरे मागे पडले आणि त्राव्हाय्ये पुढे आले. कामगार या अर्थाचा ऊव्हरिये मात्र उरला. वेदनेचा शब्द जिंकला तो कदाचित नुसता ऐकायला स्पष्ट होता म्हणून.

रसिक : फ्रेंचसाठी घटकाभर मान्य. पण स्पॅनिशमध्ये ती अडचण कुठे होती? ओब्रार म्हणजे करणे आणि आब्रिर म्हणजे उघडणे, यांत कुणी गोंधळत नाही. तिथे ओब्रा होता, लाबोर होता, दोघेही लॅटिनमधून आलेले, कुलीन. आज त्यांचे काय झाले आहे? ओब्रा म्हणजे कलाकृती, किंवा रस्त्यात चाललेले बांधकाम. लाबोर म्हणजे कामगिरी किंवा भरतकाम-विणकाम. लाब्रार म्हणजे जमीन नांगरणे किंवा दगड-लाकूड घडवणे, लाब्रादोर म्हणजे शेतकरी. दोघांच्याही वाट्याला एकेक कोपरा आला आणि मधली सगळी जागा त्राबाखोने घेतली. तुमचा रिकाम्या जागेचा नियम इथे लागत नाही, कारण जागा रिकामी नव्हतीच. दोन साधे शब्द हाताशी असताना भाषेने तिसरा, दुखरा शब्द का उचलला, हा माझा प्रश्न आहे. आणि याचे उत्तर मला मराठीतून सुचते. फारसीतला बेगार म्हणजे फुकट, सक्तीची राबणूक. त्याच अर्थाचा आपला वेठ हा शब्द संस्कृत विष्टीपासून आला. दोघे मिळून वेठबिगार झाले. आज इमारतीवर वाळू-विटा वाहणाऱ्याला आपण बिगारी म्हणतो, आणि संध्याकाळी तो रोज घेऊन घरी जातो. शब्द सक्तीच्या आवारातून मजुरीच्या आवारात आला. वेठ मात्र तिथेच राहिली. 'वेठीस धरणे' आजही जुलमाचीच भाषा बोलते. त्राबाखोचेही असेच झाले नसेल कशावरून?

चिकित्सक : बिगारीचे उदाहरण मला तुमच्या त्रिपालियमपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते, कारण त्याच्या दोन्ही टोकांचे अर्थ आपल्याला स्वतंत्रपणे माहीत आहेत, तारा लावून बसवावे लागत नाहीत. आणि ते काय सांगते ते नीट पाहा. घमेले तेच, वाळू तीच, जिनाही तोच. बदलले ते राबणारा आणि राबवणारा यांच्यातले नाते. आधी पैसे नव्हते, मग आले. शब्दाने कामाचा स्वभाव टिपलेला नाही, सौद्याच्या अटी टिपल्या आहेत. रोबोता, राबोता, दुल्या ही तुमचीच यादी पुन्हा वाचा. त्यांत काम दुखते असे कुठे आहे? हुकूम दुसऱ्याचा आहे, एवढेच आहे. उलट आर्बाइट, मुन्का, त्राबाखो यांत अंग मोडणे आहे, मालक दिसत नाही. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका माळेत ओवल्यात : दुसऱ्यासाठी राबणे आणि देह झिजवणे. माणूस स्वतःच्या शेतातही अंग मोडून राबतो, आणि दुसऱ्याच्या कचेरीत अंग न मोडताही बांधलेला असतो. त्राबाखोचा उगम जर छळाच्या खुंटात असेल, तर त्यात दोन्ही होते, देहाची वेदना आणि दुसऱ्याची सत्ता. पण स्पॅनिशने यांतले काय पुढे नेले? सेर्वान्तेसच्या त्राबाखोसमध्ये वेदना आहे, पण ती समुद्राने, नशिबाने दिलेली आहे. छळणारा माणूस त्यातून निघून गेला आहे. उगम सांगणारे मात्र त्याला परत आणून उभा करतात.

रसिक : हा मुद्दा मला लागला. छळणारा शब्दातून निघून गेला, पण म्हणून तो जगातूनही गेला असे नाही. आणि उगम सांगणाऱ्याला कधीकधी नेमके हेच म्हणायचे असते. तरीही मान्य करतो की तसे म्हणायचे असेल तर जमिनीचे, मजुरीचे, कर्जाचे दाखले द्यावेत. लॅटिन शब्दाच्या पाठीवर ते ओझे टाकू नये. पण आता माझी एक साक्ष ऐका, आणि ती उगमाची नाही, शेवटच्या टोकाची आहे. १९३१ साली स्पेनमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आले, आणि त्याच्या संविधानाच्या पहिल्याच कलमाने स्पेन हे सर्व वर्गांच्या त्राबाखादोरांचे लोकशाही प्रजासत्ताक आहे असे जाहीर केले. ज्या शब्दात गरिबी आणि हलाखी हा अर्थ अजून शिल्लक होता, तोच शब्द नागरिकाची पदवी झाला. ओब्रेरो हा शब्द होता, लाब्रादोर होता. निवडला गेला त्राबाखादोर. मराठीतही कष्ट म्हणजे संस्कृतात दुःख, संकट. पण कष्टकरी हा शब्द माणूस छाती पुढे काढून स्वतःला लावतो. दुखरा शब्द टिकतो तो याचमुळे असेल. नुसते 'करणे' सांगणाऱ्या शब्दात किंमत मोजल्याची नोंद नसते. ज्याने ती मोजली आहे त्याला ती नोंद असलेलाच शब्द हवा असतो.

चिकित्सक : हे तुमचे सगळ्यांत सुंदर वाक्य आहे, म्हणून त्यालाच सगळ्यांत कडक पुरावा मागतो. १९३१ च्या कलमात 'सर्व वर्गांचे' हे शब्द आहेत ते कशासाठी? वकील, डॉक्टर, शिक्षक हेही त्यात मावावेत म्हणून. म्हणजे तिथे त्राबाखादोर निवडला गेला तो त्यात वेदना होती म्हणून, की वेदना इतकी पुसट झाली होती की कुणालाही तो लावता येत होता म्हणून? ओब्रेरो म्हटले की कारखान्यातला मजूर डोळ्यांपुढे येतो, लाब्रादोर म्हटले की नांगर. त्राबाखादोर सगळ्यांवर पसरतो. तुम्ही म्हणता, शब्द रुजला तो किंमत लक्षात ठेवल्यामुळे. मला वाटते, तो पसरला ती विसरल्यामुळे. आणि अडचण अशी की स्पॅनिशमध्ये दोन्ही चालू आहे. बाळंतपणाच्या खोलीत तो शब्द आठवण ठेवतो, नोकरीच्या अर्जावर विसरतो. यातले कुठले खरे, हे शब्दकोश ठरवणार नाही; कोण, कुठे, कुणाला उद्देशून बोलत आहे यावर ते ठरेल.

रसिक : मग आपले जमले तरी कशावर?

चिकित्सक : थोड्यावर, पण नीट. ओसेरचा नियम खरा. त्रिपालियमची व्युत्पत्ती संभाव्य, सिद्ध नाही. कष्ट हा अर्थ जुना आणि आजही जिवंत. त्यावरून 'काम म्हणजे छळ असेच पूर्वजांना वाटे' हा निष्कर्ष मात्र निघत नाही. स्पॅनिशने साधे शब्द सोडून हाच का उचलला, हा तुमचा प्रश्न उभा आहे, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. तेव्हा विनंती एवढीच. कामगारदिनाच्या भाषणात किंवा कंपनीच्या शिबिरात कुणी तीन खुंटांची गोष्ट रंगवून सांगू लागला, तर त्याला दोन गोष्टी विचारा. तारा कुठल्या शब्दावर आहे? आणि या गोष्टीतला छळणारा कोण, हे तुम्ही लॅटिनमध्ये का सांगता आहात?